पावसाळ्यात ठमीला पुन्हा गोचीडताप येऊ नये म्हणून काय करावे?

मुलुंडकर

नमस्कार. आम्ही मुलुंड पश्चिमेला एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहतो. घरामागे लहानसे अंगण आहे, त्यापलीकडे सोसायटीची भिंत आणि भिंतीपलीकडे गवत माजलेली मोकळी जागा. ठमी ही आमची चार वर्षांची देशी कुत्री महिन्याभराची असताना रस्त्यावरून घरी आली आणि तेव्हापासून आमच्या घरातलीच झाली.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तिने एके दिवशी सकाळचा दहीभात तसाच ठेवला आणि दिवसभर कॉटखाली पडून राहिली. बाहेर पावसाची झोड लागली होती, त्यामुळे कंटाळली असेल असे आम्हाला वाटले. तिसऱ्या दिवशी लादीवर रक्ताचे दोन थेंब दिसले. ते तिच्या नाकातून आले आहेत हे लक्षात येताच रिक्षा करून दवाखाना गाठला. तेव्हा तिच्या प्लेटलेट्स ३८ हजारांवर आल्या होत्या. गोचीडताप असल्याचे निदान झाले, महिनाभर औषध चालले आणि ती वाचली, पण ते दिवस आठवले की अजूनही पोटात गोळा येतो.

यंदा जून संपता संपता तिच्या कानामागे आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यांत पुन्हा गोचीड दिसू लागले आहेत. दर पंधरवड्याला औषधी शांपूने आंघोळ घालतो, महिन्यातून एकदा मानेवर थेंबांचे औषध टाकतो, रोज संध्याकाळी हाताने गोचीड वेचतो, तरी आठ दिवसांत नवे तयार! आमचे नेमके चुकते कुठे? शेजारच्या काकांनी रॉकेलचा बोळा फिरवण्यास सुचवले आहे, पण मन धजावत नाही. दुसरी चिंता अशी की माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत आणि ठमी त्यांच्याच खोलीत झोपते. गोचीडताप किंवा पावसाळ्यात पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) तिच्यापासून त्यांना होऊ शकतो का? तिच्या नाइन इन वन (अनेक आजारांवरच्या एकत्रित) आणि रेबीजच्या लशीला मे महिन्यात वर्ष पूर्ण झाले आहे. पुढची लस अजून दिलेली नाही.

चाळकरी_गिरगाव

ताई, सर्वांत आधी एक विनंती करते. रॉकेल लावू नका. त्याने कातडी भाजल्यासारखी होते, आणि कुत्रे अंग चाटणार हे तर ठरलेलेच, म्हणजे ते पोटातही जाणार.

आता माझी चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये असे मनापासून वाटते. २०१६ च्या पावसाळ्यात आमचा कुत्रा असाच मलूल झाला. अंग तापलेले लागले म्हणून मी घरातल्या डब्यातली, माणसांसाठीची आयबुप्रोफेनची अर्धी गोळी त्याला गुळात घालून दिली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून सोमवारची वाट पाहिली. सोमवारी त्याला काळी शी झाली. त्या गोळीने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडांनाही धोका पोहोचतो, आणि गोचीडतापात आधीच प्लेटलेट्स उतरलेल्या असल्यामुळे रक्तस्राव आवरत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तो बुधवारी गेला. नऊ वर्षे तो आमच्या गॅलरीत माझ्या पायांशी बसत असे. तेव्हापासून माणसांचे कोणतेही औषध मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्राण्याला देत नाही आणि दुसऱ्यालाही देऊ देत नाही.

पशुवैद्य_दादर

मुलुंडकर ताई, तुम्ही कष्टांत कुठेच कमी पडत नाही, परंतु सगळे कष्ट ठमीच्या अंगावर होत आहेत आणि गोचीड मात्र बहुतेक तुमच्या घरात आहेत. मुंबईत कुत्र्यांवर सर्रास आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्याच्या अंगावर चढतो, दर वेळी काही दिवस रक्त पितो आणि गळून पडतो. उरलेला सगळा काळ तो फटींमध्ये काढतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी राखाडी एरंडीच्या बीसारखी दिसते. ती अंगावरून उतरते, एखादी भेग शोधते आणि तिथे हजारोंच्या संख्येने अंडी घालून मरते. या गोचिडाला भिंतीवर वर चढण्याची सवय असते, म्हणून लादी कितीही पुसली तरी दाराच्या चौकटीचा वरचा भाग, खिडकीच्या कडा, वायरिंगच्या पट्ट्या आणि कॉटच्या सांध्यांमध्ये वस्ती तशीच राहते. ठमीच्या अंगावर दहा दिसले, तर घरात त्याच्या कित्येक पट आहेत असे समजावे.

दुसरी गोष्ट. मानेवर टाकायचे औषध त्वचेच्या तेलात मिसळून अंगभर पसरते. ते टाकण्याच्या दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ घालू नये असे साधारणपणे सांगितले जाते. तुम्ही पंधरवड्याला औषधी शांपू वापरता, त्यामुळे थेंबांचा जोर लवकर ओसरत असण्याची बरीच शक्यता आहे. अशा घरांमध्ये मी तोंडाने द्यायची, महिना किंवा तीन महिने टिकणारी गोळी अधिक पसंत करतो. तिचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून ठमीचे ताजे वजन करून घ्या. तिला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्या गटातली औषधे अशा कुत्र्यांना जपून द्यावी लागतात. एक मर्यादा ध्यानात असू द्या. गोळीने गोचीड मरतो तो चावल्यानंतर, आणि एर्लिकिया हा गोचीडतापाचा मुख्य जंतू चावल्यापासून काही तासांतच शरीरात शिरू शकतो. म्हणून गोळी सुरू केली तरी घर आणि अंगण साफ करणे टळत नाही.

घरात कीटकनाशकाची फवारणी जाणकार माणसाकडूनच करून घ्या. सगळे पूर्ण वाळेपर्यंत ठमीला आणि सासऱ्यांना दुसरीकडे ठेवा. एका फवारणीने अंडी मरत नाहीत, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवा, तिचे अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा आणि भिंतीलगतचे गवत कापून घ्या. हे सगळे किमान तीन महिने नेटाने करावे लागेल, कारण अंड्यापासून पूर्ण वाढलेल्या गोचिडापर्यंतचा फेरा आपल्या उबदार हवेत साधारण तेवढ्या काळात पुरा होतो. बहुतेक लोक पहिल्या महिन्यात गोचीड दिसेनासे झाले की थांबतात आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा माझ्याकडे येतात. अंगणात किंवा घरात मांजर येत असेल तर फवारणाऱ्यास तसे आधी सांगा. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत आणि काही फवाऱ्यांत असणारे परमेथ्रिन मांजरांसाठी विष आहे.

गोचीड काढताना चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढावा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकावा. बोटांनी चिरडू नये, काडीचा चटकाही देऊ नये.

आजार ओळखण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. घरात डिजिटल थर्मामीटर फक्त ठमीसाठी म्हणून वेगळा ठेवा. त्याच्या टोकाला थोडे व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप पाहावा. कुत्र्याचे निरोगी तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे हात लावून ‘अंग गरम आहे’ असे म्हणण्याला अर्थ नसतो. १०३ च्या वर गेले आणि तिने जेवण सोडले, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. रोज सकाळी तिचा ओठ वर उचलून हिरड्या पाहण्याची सवय लावा. निरोगी हिरडी गुलाबी असते आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरड्या फिक्या पडणे, पोटाच्या उघड्या कातडीवर जांभळे ठिपके येणे, लघवी गडद तपकिरी होणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. गडद लघवी हे बहुधा बबेसिया या दुसऱ्या जंतूचे लक्षण असते आणि त्याचे औषध वेगळे आहे.

एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन सहसा २८ दिवस दिले जाते. गोळी भरल्या पोटी आणि वर पाणी पाजून द्यावी, नाही तर उलटी होते किंवा अन्ननलिका होरपळते. चार दिवसांत कुत्रे खेळू लागते आणि लोक गोळ्या बंद करतात, ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. एकदा ताप येऊन गेला म्हणजे कायमचे संरक्षण मिळते असेही नाही. मात्र ठमीच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. गेल्या वर्षीच्या आजाराची प्रतिपिंडे रक्तात अनेक महिने राहतात, त्यामुळे प्रतिपिंडांची झटपट चाचणी यंदा पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्यावरून नवा आजार ठरत नाही. प्लेटलेट्स, ताप आणि लक्षणे एकत्र पाहावी लागतात.

आता सासऱ्यांविषयी. ठमी जवळ झोपल्याने किंवा तिने हात चाटल्याने गोचीडताप माणसाला होत नाही. लेप्टोचे तसे नाही. तो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतूनही माणसापर्यंत पोहोचू शकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कुत्र्याच्या लशीतला लेप्टोचा भाग जेमतेम वर्षभर पुरतो, म्हणून याच आठवड्यात लस घ्या. अंतर किती पडले आहे ते पाहून तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस द्यायचा की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील. लस सर्व प्रकारच्या लेप्टोवर चालत नाही, त्यामुळे ठमीचे जेवणाचे भांडे रात्री अंगणात ठेवू नये, उंदीर त्यावरच येतात. तिची लघवी साफ करताना हातमोजे घालावेत आणि हे काम सासऱ्यांकडे नसावे. रेबीजची लसही सोबतच घ्या, तीत दिरंगाई नको.

शिवाजीपार्क_रहिवासी

डॉक्टरांनी इतके सविस्तर लिहिल्यावर मी केवळ फिरवण्याबद्दल लिहितो. माझ्याकडे अकरा वर्षांची लॅब्राडोर आहे. पावसाळ्यात तिला मी वेळेवर नव्हे, तर पावसाने उघडीप दिली की बाहेर काढतो. साचलेल्या पाण्यातून नेत नाही, आणि विजेचे खांब, सिग्नल व लोखंडी पेट्या यांच्यापासून लांबून चालतो. ओल्या रस्त्यावर खांबात वीज उतरलेली असली तर अनवाणी चालणाऱ्या कुत्र्याला तिचा धक्का आपल्याआधी बसतो, आणि आपले कुत्रे तर खांब दिसला की तिकडेच ओढ घेते.

घरी आल्यावर दारातच जुना पंचा ठेवला आहे. आधी चारही पंजे साध्या पाण्याने धुतो, मग प्रत्येक बोट विलग करून बेचका कोरडा करतो, शेवटी कान आतून जेवढे दिसतात तेवढेच पुसतो. एका पंजाला मिनिटभर लागते. पूर्वी मी वरवर पुसत असे आणि दर श्रावणात तिला बोटांमध्ये बुरशी होत असे. पंजे पुसता पुसता गोचीडही हाताला लागतात, हा त्याचा आणखी एक फायदा.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. चाळकरी ताई, तुमचे लिहिलेले वाचून डोळे भरून आले. घरातल्या गोळ्यांचा डबा आज वरच्या फडताळात ठेवला.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्च घेऊन घर पाहिले. सासऱ्यांच्या खोलीत त्यांच्या कॉटच्या वर, दाराशेजारी दिनदर्शिका टांगलेली आहे. ती उचलली तेव्हा तिच्यामागे, खिळ्याभोवतीच्या फुटलेल्या प्लास्टरमध्ये मोहरीहूनही बारीक, चकचकीत तपकिरी अंड्यांचा पुंजका होता आणि त्याच्या कडेला एक सुकलेली राखाडी मादी. ठमी बरोबर त्या भिंतीला पाठ लावून झोपते. दोन वर्षे आम्ही तिला घासत होतो आणि त्या भिंतीकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते.

शनिवारी फवारणीवाल्यास बोलावले आहे आणि शेजारच्या मांजरीची कल्पना त्याला दिली आहे. त्या दिवशी सासरे माझ्या नणंदेकडे भांडुपला जातील, ठमी माझ्यासोबत दवाखान्यात येईल. तिथेच वजन आणि दोन्ही लशी होतील. आज तिचा ताप पाहिला, १०१.८ आहे. हिरड्या गुलाबी आहेत. एक शंका उरली आहे. फवारणीच्या आधी त्या भेगा बुजवायच्या की नंतर?

पशुवैद्य_दादर

नंतर. आधी औषध भेगांमध्ये खोलवर जाऊ द्या. दुसरी फवारणी झाली, ती वाळली, की मग सिमेंट भरा. तोपर्यंत ठमीचे अंथरूण त्या भिंतीपासून हलवून खोलीच्या मधोमध घाला आणि दिनदर्शिका पुन्हा तिथे टांगू नका. गेल्या वर्षीचा रक्ताचा अहवाल शनिवारी सोबत न्या, यंदाच्या प्लेटलेट्स त्याच्याशी ताडून पाहता येतील.