शब्दचर्चा : फरशीतली ती भेग, तडा की चीर?

उंबरठा
मंडळी, एका शब्दाशी अडले आहे. कलाशाखेच्या मुलांसमोर समकालीन शिल्पकलेवर मराठीतून बोलायचं आहे. त्यात दोरिस साल्सेदो या कोलंबियाच्या शिल्पकर्तीचं २००७ सालचं काम घेतलं आहे. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात टर्बाइन हॉल आहे. मूळचं वीजकेंद्र, त्यामुळे दालन अवाढव्य. तिथे २००० साली लुईझ बुर्ज्वाचा राक्षसी कोळी उभा होता, २००२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूरनं गडद लाल पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणला, २००३ मध्ये ओलाफुर एलियासननं सूर्य आणला. साल्सेदोनं त्या दालनात काहीही ठेवलं नाही. जमीन दुभंगवली. दाराशी केसाएवढी रेघ, मग ती वेडीवाकडी फाकत, मध्येच फाटे फोडत शेवटच्या भिंतीपर्यंत जाते. लांबी १६७ मीटर. वाकून आत पाहिलं की काँक्रीटच्या कडेत तारेची जाळी रुतलेली दिसते, कुंपणाला असते तशी.

मी लिहिलं, ‘१६७ मीटर लांबीचा तडा’. मोठ्या बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती बीडला दिलेली. ती लगेच म्हणाली, ‘तडा मडक्याला जातो गं. जमिनीला भेग पडते.’ तेव्हापासून पान पुढे सरकलेलं नाही.

दुसरी अडचण क्रियापदाची. तडा जातो, भेग पडते. दोन्हीकडे करणारं कुणी नाही, आपोआप होतं. इथे तर एका बाईनं ठरवून, माणसं लावून हे केलं. ‘तडा घातला’ म्हणता येत नाही आणि ‘भेग निर्माण केली’ कानाला टोचतं. काय लिहू?

काळीमाती
तुमची बहीण बरोबर आहे. मी यवतमाळकडचा. एप्रिल-मे महिन्यात आमच्या शेतात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. लहानपणी त्यात चेंडू गेला की आजी ओरडायची, हात घालू नको, आत विंचू असतो. भेगेला घाव लागत नाही. माती आतल्या आत आकसते आणि फाटते. घाव घातला की होतो तो तडा. दोन्ही शब्दांत हाच फरक आहे आणि तो पक्का आहे.

ओळंबा
पक्का नाही. मी पस्तीस वर्षं बांधकामात आहे. भिंतीला कुणी घाव घालत नाही, तरी तडे जातात. पाया खचतो, काँक्रीट सुकताना आकसतं, उन्हानं स्लॅब ताणला जातो. तुमच्या मातीत जे होतं तेच. तरी आमचे जुने गवंडी तडाच म्हणायचे. आता साइटवर लहानथोर सगळे ‘क्रॅक’ म्हणतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही.

एक गोष्ट सांगतो. माझ्या पहिल्या नोकरीत एका शाळेच्या भिंतीला तडा गेला होता. साहेबांनी बोटाएवढी काचेची पट्टी मागवली, तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिली. म्हणाले, काच टिकली तर तडा मेलेला, फुटली तर जिवंत. मी रोज सकाळी आधी ती काच बघायचो. बाराव्या दिवशी तिच्यात बारीक रेघ दिसली. आत काहीतरी अजून हलत होतं. ‘जिवंत’ आणि ‘मेलेला’ हे शब्द मी त्या दिवशी शिकलो. तुमच्या लेखात ते कुठे बसले तर बघा.

अक्षरवेध
‘क्रॅक’मध्ये गैर वाटत नाही? मग ही चर्चा कशासाठी? जे शब्द आहेत ते वापरलेच नाहीत तर उद्या मुलांना तडा आणि भेग दोन्ही कोशात शोधावे लागतील. माझी सूचना ‘भ्रंश’. भूगोलात हा शब्द आपण सर्वांनी शिकलेला आहे. जमीन दुभंगते तिथे भ्रंश.

ओळंबा
भ्रंशात एक बाजू दुसरीवरून घसरलेली असते, वर, खाली किंवा आडवी. नुसतं फाटून भागत नाही. टेटमध्ये दोन्ही काठ समपातळीत होते, मी फोटो पाहिलेत. तांत्रिक शब्द घ्यायचा तर नेमका घ्या.

जांभा
‘चीर’ कुणीच का सुचवत नाही? क्रियापदाचा गुंता तिथेच सुटतो. चीर *पाडतात*. भाजीला, फणसाला, रबराच्या झाडाला चीर पाडणारा माणूस असतो, त्याच्या हातात कोयता असतो. साल्सेदोनं फरशीला चीर पाडली. कर्ता आला, कर्म आलं, वाक्य उभं राहिलं.

अवांतर : आमच्या सिंधुदुर्गात मात्र ‘चिरा पडला’ म्हणालात तर लोक आधी पाय वाचवतील. चिरा म्हणजे जांभ्याचा दगड. खाणीतून चिरून काढतात म्हणून चिरा, असं माझे आजोबा सांगत. त्याचीच पुढे चिरेबंदी.

उंबरठा
चीर जवळची वाटते. पण चीर सरळ असते ना? सुरीनं ओढल्यासारखी. ही तर वीज चमकावी तशी वाकडी आहे. शिवाय पाहणाऱ्याला हे कुणी कापलंय असं वाटू नये, इमारतच आतून फाटली असं वाटावं, अशी ती केलेली आहे. कशी केली ते सांगायला साल्सेदोनं तेव्हा नकार दिला होता. म्हणजे कर्ता लपवणं हा कामाचाच भाग आहे. मग ‘पडली’ हेच बरोबर का?

टेम्सकाठ
मी ती प्रत्यक्ष पाहिली आहे. २००७ च्या डिसेंबरात, मुलगी चार वर्षांची होती. दाराशी सावध राहा अशी सूचना होती, तरी सुरुवातीच्या दिवसांत काही लोक अडखळून पडले होते. मुलीनं सगळ्यात आधी पोटावर झोपून आत हात घातला. मोठी माणसं काठाकाठानं खाली बघत चालत होती. एवढं उंच दालन, पण वर कुणी बघतच नव्हतं. मला तेव्हा सुचलेला शब्द ‘भेग’ होता, कारण आईच्या टाचा आठवल्या. ती रात्री मेण आणि तेल गरम करून भेगांत भरायची.

एप्रिल २००८ मध्ये ते बुजवलं. पण बुजवलेलं लपवलं नाही. आजही त्या दालनात गेलात तर फरशीवर वेगळ्या रंगाची वाकडी पट्टी दिसते. मुलं तिच्यावर तोल सांभाळत चालतात. तिला काय म्हणाल? मी ‘व्रण’ म्हणते.

नाडीपरीक्षा
वण म्हणा. व्रण म्हणजे उघडी जखम. आम्ही दवाखान्यात जठरव्रण म्हणतो तेव्हा तो वाहता असतो. ‘व्रण आजही दिसतो’ असं लिहिलंत तर जखम भरलीच नाही असा अर्थ होईल.

अक्षरवेध
मराठीत ‘चेहऱ्यावर व्रण आहे’ याचा अर्थ प्रत्येकाला कळतो, आणि तो जखमेची खूण असाच आहे. वण हा व्रणचाच झिजलेला मुलगा. बापाला घराबाहेर काढायचं कारण नाही. आणि सुश्रुतानं या शब्दाची जी फोड केली आहे ती तुमच्याच शास्त्रातली : जखम भरली तरी तिची खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून तो व्रण.

नाडीपरीक्षा
त्या खुणेसाठी सुश्रुत ‘व्रणवस्तु’ असा निराळा शब्द वापरतो. जखम वेगळी, खूण वेगळी. तुम्ही दिलेला दाखला माझ्या बाजूचा आहे.

पिवळीकंदील
नावाकडे कुणी वळलंच नाही! या कामाचं नाव ‘शिब्बोलेथ’. माझी आजी नगरची, रोज बायबल वाचायची. शास्ते या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात गोष्ट आहे. गिलादी लोकांनी एफ्राइमी लोकांचा पराभव केला आणि यार्देन नदीचे उतार अडवले. पळून जाणारा आला की त्याला म्हणायचे, ‘शिब्बोलेथ’ म्हण. एफ्राइमी माणसाला ‘श’ जमत नसे, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणायचा. तिथेच मारायचे. बेचाळीस हजार माणसं अशी गेली, असं लिहिलं आहे. शब्दाचा मूळ अर्थ कणीस किंवा पाण्याचा लोंढा. आजी हे वाचताना थांबायची. म्हणायची, एका कणसासाठी गं.

साल्सेदो सांगते ते सीमेबद्दल. युरोपात बाहेरून येणाऱ्या माणसाला जी रेघ ओलांडावी लागते, जी इतरांना दिसतही नाही, ती तिनं जमिनीत उघडी करून ठेवली. आतली जाळी म्हणूनच. तेव्हा भेग का तडा हे ठरवताना ती दुष्काळातली भेग नाही, एवढं ध्यानात असू द्या. ती कुणीतरी राखलेली आहे.

अक्षरवेध
याला आपल्याकडेही जोड आहे. पतंजलीच्या महाभाष्यात आरंभीच येतं. असुर ‘हे अरयः’ (अहो शत्रूंनो) म्हणायच्या ऐवजी ‘हेलयो हेलयः’ म्हणाले आणि हरले. र चा ल झाला. व्याकरण का शिकावं याचं कारण म्हणून तो हे सांगतो. उच्चारावर जीव टांगलेला असतो ही कल्पना फार जुनी आहे. म्हणूनच मी भ्रंश म्हणत होतो. जमिनीचा भ्रंश आणि भाषेचा अपभ्रंश, मूळ एकच : खाली घसरणं. या शिल्पाला याहून जवळचा मराठी शब्द मला दिसत नाही.

काळीमाती
ओळंबांचं तांत्रिक म्हणणं मान्य केलं तरी तुमचा भ्रंश आता मला पटायला लागला होता. पण ‘खाली घसरणं’ वाचलं आणि थांबलो. कोण घसरलं? गिलादी ‘श’ म्हणायचे म्हणून वर आणि एफ्राइमी ‘स’ म्हणायचे म्हणून खाली? ही तर नदीवर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची भाषा झाली. पतंजलीच लिहितो की एका ‘गौः’ या शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे कितीतरी अपभ्रंश आहेत. इतकी माणसं गाईला तसं म्हणत होती म्हणूनच त्याला ते ऐकू आले.

आमच्या वऱ्हाडात ‘काळी’ची ‘कायी’ होते. डोळा नाही, डोया. मी अकरावीला पुण्यात आलो तेव्हा वसतिगृहात पहिल्याच रात्री चौघांनी मला भोवती बसवून ‘केळीवाला’ म्हणायला लावलं. नंतर ‘पाणी’. मी ‘पानी’ म्हणालो. ते हसले. कुणी मारलं नाही, पण पुढचे दोन महिने मी मेसमध्ये पाणी मागितलं नाही. उठून स्वतः घ्यायचो. आज मला ण नीट येतो. तो मी आरशासमोर उभा राहून शिकलो. आमचं यार्देन ते होतं.

अक्षरवेध
तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण ण आणि न वेगळे आहेत, आणि मुलांना दोन्ही शिकवले पाहिजेत. शिकवणं आणि अडवणं एक नव्हे.

काळीमाती
शिकवणाऱ्यानं आधी ‘पानी’ म्हणणाऱ्याला पाणी द्यावं, मग ण शिकवावा. क्रम तेवढा चुकू नये.

पिवळीकंदील
काळीमाती, आजी असती तर तिला हे वाचून दाखवलं असतं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. मी शब्द शोधायला आले होते, आता व्याख्यानाचा अर्धा भाग बदलावा लागणार. केळीवाल्याचा प्रसंग नाव न घेता सांगितला तर चालेल का?

याच व्याख्यानात तिचं आणखी एक काम आहे, त्यासाठीही मदत हवी. कोलंबियात शांतता करारानंतर फार्क बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यातली ३७ टन वितळवून साल्सेदोनं बोगोटात एका जुन्या घराच्या अवशेषांमध्ये जमीन बसवली. २०१८ सालची गोष्ट. त्या युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायकांनी धातूचे पत्रे हातोड्यानं ठोकले, त्या पत्र्यांवरून साचे झाले आणि त्या साच्यांत बंदुकांचा रस ओतला. त्यामुळे प्रत्येक तुकड्यावर त्यांच्या घावांचे खळगे आहेत. ती याला स्मारक म्हणत नाही, स्मारकाच्या उलट काहीतरी म्हणते. मी ‘प्रतिस्मारक’ लिहिलं आहे. आणि या तुकड्यांना फरशी म्हणू की लादी?

काळीमाती
सांगा, नाव घेऊन सांगितलं तरी चालेल.

जांभा
प्रतिस्मारक नको, प्रतिकृतीसारखं वाटतं. स्मारकाची नक्कल असा समज होईल. फरशी-लादीबद्दल : मुंबईत वाढलेला माणूस लादी पुसतो, पुण्याचा फरशी पुसतो. आमच्या घरी अजून शेणानं सारवलेली जमीन आहे, तिला नुसतं भुई म्हणतात. बंदुका वितळवून केलेल्या भुईवर माणसं चालतात, असं म्हणून बघा.

ओळंबा
ओतीव आहे ना? मग लादी चालेल. फरशी म्हणजे मूळची दगडाची, शहाबादी, तांदूर वगैरे. पण ‘भुई’ म्हणालात तर तुकड्यांचे सांधे दिसत नाहीत, आणि तिथे सांधे दिसायला हवेत.

टेम्सकाठ
खळगे म्हणू नका, ‘ठोके’ म्हणा. तांबटाच्या भांड्यावर असतात ते. माझ्या आईच्या बंबावर होते.

काळीमाती
मूळ प्रश्नावर एक राहिलं. पहिला पाऊस पडला की आमच्या भेगा आपोआप मिटतात, कुठे होत्या तेही सांगता येत नाही. टेटची मिटली नाही, ती बुजवावी लागली. त्या हिशेबानं मी माझं मत बदलतो : तडा. बहिणीला माझ्या वतीनं सांगा.

उंबरठा
सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्या रानातल्या भेगा मिटल्या तरी पुढच्या उन्हाळ्यात बऱ्याचदा तिथेच उघडतात.