काळ्या कुत्र्याचा स्टुडिओसारखा फोटो, एकच फ्लॅश हाय, कसा काढू?

पांदणवाला (दारव्ह्याकडचा)
नमस्कार मंडळी. गावात माहा लहानसा फोटो स्टुडिओ हाय, पासपोर्ट, लग्न, बारसं हेच काम. आता एका पाटलाले त्याच्या वावरातल्या कुत्र्याचा फोटो पायजे, मोठी फ्रेम करून बैठकीत लावाले, मांग एकदम काळं आन् कुत्रं चमकलं पायजे म्हणते. वाघ्या नाव हाय पण रंग काळाकुट्ट. कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून ट्रायल घेतली तं डोळे हिरवे पेटलेले, आंग म्हणजे नुसता काळा गोळा आन् मांगच्या भितीवर ही मोठी सावली. माह्याकडं गोडॉक्स टीटी६०० हा एकच फ्लॅश, तो दूरून उडवाचा ट्रिगर, उजेड पसरवाची पांढरी छत्री, क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आन् ५० एमएमची लेन्स. काळा पडदा नाई. पाटलीणबाई वरून म्हणतेत का फ्लॅशनं कुत्र्याचे डोळे जातेत, ते खरं काय? सोयाबीन निघालं का फोटो पायजे, तवरक सांगा राजेहो.

फोकसभाऊ
भाऊ पयले फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, अर्धं दुखणं तिथंच जाते. कुत्र्याच्या डोळ्यात मांगच्या बाजूले चकाकणारा थर रायते, टॅपेटम म्हणतेत त्याले, रातच्याले गाडीच्या लाइटात डोळे चमकतेत ते त्याच्याच्यानं. लेन्सच्या जवळून उजेड गेला का सरळ लेन्समधी वापस येते. छत्री बाजूले ४५ अंशात आन् त्याच्या डोक्यापेक्षा थोडी वर ठेवा, हिरवं जाईन आन् डोळ्यात छत्रीचा पांढरा ठिपका येईन, तो आला का कुत्रं जितं वाटते.

पडदा इकत घेऊ नका. उजेड अंतराच्या वर्गानं कमी होते, म्हणजे छत्री कुत्र्यापासून १ मीटर आन् भीत छत्रीपासून ३ मीटर असन तं भितीवर नववा हिस्साच पोचते, तीन स्टॉपच्या वर फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट नाईतं अर्धा). पण चुन्याची पांढरी भीत तेवढ्यानं राखाडीच दिसीन, काळी नाई होनार. म्हून सोपं सांगतो, अंधार पडल्यावर कोठ्याच्या उघड्या दारात त्याले बसवा, तुमी आतून काढा, त्याच्या मांग वावर. मांग उजेड अडवाले काईच नाई तं काळंच येते, आन् सावली पडाले भीतही नाई.

सेटिंग मॅन्युअल, आयएसओ (सेन्सर उजेड किती पकडते ते) १००, लेन्सचं तोंड एफ/८ (आकडा लहान तं तोंड मोठं), शटर १/१६० सेकंद. शटर १/२०० च्या वर नेलं तं फोटोत काळा पट्टा येऊ शकते. एफ/१.८ वर जाऊ नका, नाक शार्प येते आन् डोळे जातेत, थुतरी लांब असते ना त्याची. फ्लॅश १/४ पॉवरपासून चालू करा. कुत्रं लयच हलत असन तं आयएसओ ४०० आन् फ्लॅश १/१६, उजेड तेवढाच पडते पण पॉवर कमी केली का झोत लय कमी टाइम चालते म्हून हलणं गोठते, आन् फ्लॅश लवकर रेडी होते. जमिनीवर बसून काढजा, उभ्यानं काढाल तं डोकं मोठं आन् पाय पिटुकले.

केसाळ_वर्धा
फोकसभाऊंचं बाकी सगळं पटतं, पण काळ्या कुत्र्याला ४५ अंश मला कमी वाटतात. काळे केस उजेड खातात, आकार दिसतो तो फक्त केसांवरच्या चकाकीमुळे, आणि चकाकी येते मोठा उजेड बाजूनं घासून आला की, त्यामुळे मी छत्री जवळजवळ त्याच्या खांद्याच्या रेषेत, किंचित मागेच घेते आणि फ्रेममध्ये घुसणार नाही इतकी जवळ आणते. दुसऱ्या बाजूला लग्नाच्या डेकोरेशनमधून उरलेलं थर्माकोल उभं करा दादा, तोच तुमचा दुसरा फ्लॅश समजा. डोळ्यात ठिपका येत नसेल तर थर्माकोल पुढे सरकवा. एक्सपोजर लग्नातल्या माणसांपेक्षा साधारण एक स्टॉप जास्त ठेवा, स्क्रीनवर बरा दिसतो म्हणून फसू नका, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) बघा, आणि जीभ पांढरी फटक पडली तर समजायचं जास्त झालं. आणि हो, आधी ओल्या फडक्यानं पुसून ब्रश मारा, काळ्या केसांवर धूळ आणि कुसळं अशी उठून दिसतात की एडिटिंगमध्ये रात्र जाते.

गोऱ्हा_वासरू
फोटोतलं मले जास्त नाई समजत, मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. पाटलीणबाईले सांगा, बाजूनं छत्रीतून आलेल्या फ्लॅशनं डोळे जात नाईत, पण तोंडासमोर धरून मारू नका. खरी अडचण भेवाची हाय. इजेले भेणारं कुत्रं फ्लॅशलेही भेते, म्हून आधी त्याले छत्री, स्टँड सगळं हुंगू द्या, दूरून कमी पॉवरवर दोन चार वेळा उडवा आन् लगेच भाकरीचा तुकडा द्या. फ्लॅशचा बीप बंद करा. फरशी गुळगुळीत असन तं पोतं टाका, पाय घसरले का कुत्रं उभं राहतच नाई. स्टँडच्या पायावर इटा ठेवा, शेपूट लागून छत्री त्याच्या आंगावर पडली तं त्या दिवशी काम बंद समजा.

जीभ बाहेर काढून हापत असन तं नवा आवाज काढा, मोबाईलवर बकरीचा लावा, क्षणभर तोंड बंद करून कान उभे करते, तेवढ्यात दाबा. सारखा सारखा वाजवला तं ढुंकून पाहणार नाई. चॉकलेट, द्राक्षं, मनुका देऊ नका, विषारी रायते त्यांच्यासाठी. आन् वारंवार ओठ चाटत असन, जांभया देत असन, डोळ्याचं पांढरं दिसत असन तं थांबा, वावरातलं कुत्रं हाय, चावलं तं सुई घ्याले तुमालेच जा लागीन. साखळी मालकाच्याच हातात ठेवा.

पांदणवाला
लय बेस भाऊ, ताई. कोठ्याच्या दाराचं तं डोक्यातच नव्हतं आलं. पण साखळी फोटोत येईन त्याचं काय? आन् रातच्याले बल्ब लावला का पाखरं येतेत, तेही चमकतीन.

केसाळ_वर्धा
साखळी वरच्या बाजूनं ताठ धरायला सांगा, अंगावरून नको. मग कॅमेरा स्टँडवर तसाच ठेवून कुत्रं काढल्यावर त्याच लाइटमध्ये रिकाम्या दाराचा एक फोटो घ्या, फोटोशॉपमध्ये दोन लेयर करून साखळी मास्कनं पुसून टाका. मागे काळंच असेल तर तेवढंही लागत नाही, नुसता काळा ब्रश फिरवा.

फोकसभाऊ
बल्ब बंदच ठेवा. फोकससाठी पोराच्या हातात लहान टॉर्च द्या, बाजूनं धराले सांगा, जवळच्या डोळ्यावर फोकस घ्या. एफ/८ आन् १/१६० वर टॉर्चचा उजेड फोटोत येत नाई.