नवा बॉल पहिल्या गेमला वाघ, तिसऱ्याला शेळी. असं का?

मिलवॉकीकर_मंग्या:
मंडळी, चार वर्षं मंगळवारच्या बोलिंग लीगमध्ये (दहा पिना पाडायचा खेळ) खेळतोय. यंदा हौसेने १५ पौंडी रिअ‍ॅक्टिव्ह (लेन पकडून जोरात वळणारा) बॉल घेतला. आतला कोअर (वजनाचा गाभा) असिमेट्रिक म्हणजे एकसारखा नसलेला, पृष्ठभाग २००० ग्रिटचा, म्हणजे जरा खरबरीत. उजव्या हाताने, लेनवर (बॉल टाकायच्या पट्टीवर) उजवीकडून दुसऱ्या बाणाच्या खुणेवरून टाकतो. गेल्या मंगळवारी पहिला गेम २१२, दुसरा १८०, तिसरा १४९. सुरुवातीला बॉल बाहेर जातो, चाळीस फुटांच्या पुढे वळतो आणि पिनांचा नुसता कडकडाट! तिसऱ्या गेमला तोच हात, तीच जागा, पण बॉल आधीच वळतो. एकतर हेड पिनच्या (सगळ्यात पुढची) पलीकडे जातो, नाहीतर पॉकेटमध्ये (हेड पिन आणि तिच्या उजवीकडची पिन यांच्या मधे) लागूनही उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन ढिम्म उभी. बायको म्हणते, हात दमतो. बॉल खराब निघाला की मी?

पुणेरी_गटर:
आमच्याकडे मॉलमध्ये दोरी बांधलेल्या पिना आणि भोकं झिजलेला बॉल. तुमच्या दुखण्याचाही हेवा वाटतो हो.

डेट्रॉइटचे_काका:
मंग्या, आधी एक सांग. दहा नंबर उरते तेव्हा तिच्या पुढची सहा नंबरची पिन कुठे जाते? दहाच्या मानेला वळसा घालून निघून जात असेल तर नशीब म्हण. दहाच्या समोर लेनच्या कडेच्या गटारात लोळत पडत असेल, तर बॉल पिनांपर्यंत पोचेतो त्यातला जीव गेलेला असतो.

लेनवर तेल लावलेलं असतं, त्यावर बॉल आधी घसरतो, मग वळतो, मग सरळ लोळतो. पॉकेटमध्ये शिरताना वळण जेमतेम संपलेलं हवं, कोन ६ अंशांच्या आसपास. तुझा बॉल खरबरीत आणि ताकदवान, त्यामुळे जरा कोरडं लाकूड दिसलं की चावतो. लीगच्या नेहमीच्या पॅटर्नमध्ये (तेल लावायच्या नमुन्यात) तेल मधे दाट, कडेला विरळ. तुमच्या चौघा-पाचजणांचे बॉल दोन गेम एकाच वाटेने गेले की तिथलं तेल ते पिऊन टाकतात. कॅरमवर एका जागची पावडर उडाली की स्ट्रायकर तिथे अडतो ना, अगदी तसं. मग बॉल २५-३० फुटांवरच वळायला लागतो आणि ६० फुटांवरच्या पिनांपाशी नुसता लोळत पोचतो.

यावर उपाय एकच, तेल असेल तिकडे सरक. पाय दोन फळ्या (लेनच्या लांब अरुंद पट्ट्या) डावीकडे, नजर एक फळी डावीकडे. नाही भागलं तर पुन्हा तेवढंच. आमच्यातले बरेचजण मारे तीनशे डॉलर मोजतात आणि पाय हलवायला लाजतात. बाहेर कुठवर जाऊ द्यायचा त्याचा ढोबळ हिशोब असा: तेलाची लांबी वजा ३१. म्हणजे ४० फुटांच्या तेलावर उजवीकडून नवव्या फळीच्या आसपास बॉल वळायला हवा.

आणखी एक. हे बॉल सच्छिद्र असतात, तेल शोषतात. प्रत्येक फेकीनंतर पूस. लीगचा खेळ सुरू झाला की कोरडंच फडकं चालतं, पॅडने घासायला तर बंदीच. घरी येऊन क्लीनर लाव. गाडीच्या डिकीत ठेवत असशील तर मी बोलत नाही तुझ्याशी.

टेक्सास_टर्की:
काका, ड्रिलिंगचं (बोटांची भोकं कुठे पाडली त्याचं) काय? बॉलवरची पिन (कोअरची खूण) आणि त्याचा अ‍ॅक्सिस पॉइंट (बॉल ज्याभोवती फिरतो तो बिंदू) यांतलं अंतर चुकलं असेल तर पाय हलवून काय होणार?

डेट्रॉइटचे_काका:
अरे, पहिल्या गेमला २१२ पडलेत त्याचे. भोकं तिसऱ्या गेमला जागा बदलत नाहीत. बॉलवर फिरताना उमटलेली तेलाची वलयं एकमेकांपासून सुटी पडतात का, एवढं पाहा. पडत असतील तर ड्रिलिंग ठीक आहे.

मिलवॉकीकर_मंग्या:
काका, सहा नंबर गटारातच लोळते. वलयं सुटी आहेत, मोजली.

काल तिसऱ्या गेमपर्यंत पाचेक फळ्या डावीकडे गेलो. इतक्या आतून टाकताना बॉल उजव्या गटारातच जाणार असं वाटत होतं. दोन वेळा गेलाही. १९७, १८८, १९१. दहा नंबर एकदाच उरली, तीही सहा वळसा घालून गेल्यावर. बॉल डिकीतून आता दिवाणखान्यात आलाय. बायको म्हणते, त्यापेक्षा हात दमत होता तेच बरं होतं.