मदत हवी आहे: बोक्याने कॅक्टस चावला

खिडकीपाशी:
आमच्या आठ महिन्यांच्या बोक्याने आज सकाळी दिवाणखान्यातील कॅक्टसचा शेंडा चावला असून तासाभरापासून त्याच्या तोंडातून लाळ गळत आहे. काटे बोचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा कृपया त्यावर उत्तरे देऊ नयेत. कॅक्टस मांजरांना विषारी असतो की नाही, एवढेच तातडीने हवे आहे. रविवार असल्यामुळे आमचे नेहमीचे पशुवैद्य भेटत नाहीत.

जुना वाडा:
नसतो. आमच्या घरी वीस वर्षे निवडुंग आहे आणि या काळात चार मांजरी नांदल्या. एकीलाही काही झाले नाही. आपण उगाच घाबरत आहात.

पानगळ:
झाड कोणते हे कळल्याशिवाय असे ठामपणे सांगणे बरे नव्हे. खिडकीपाशी, शेंडा तुटला तिथून पाण्यासारखा रस आला की दुधासारखा चीक? काटे लवदार ठिपक्यातून झुबक्याने निघतात की जोडीजोडीने?

अंगणवेल:
कॅक्टसला हिवाळ्यात पाणी अगदी बेताने द्यावे, म्हणजे तो कुजत नाही.

खिडकीपाशी:
पाण्याविषयी मी विचारलेले नाही. चीक पांढरा आहे, फरशीवरही थेंब पडले आहेत. झाड तीन धारांचे आहे, धारेवर काट्यांच्या जोड्या आणि त्यांच्यामध्ये लहान पाने आहेत. रोपवाटिकेत ते कॅक्टस म्हणूनच मिळाले.

पानगळ:
मग तो कॅक्टस नव्हेच. वर्णनावरून युफोर्बिया ट्रायगोना वाटतो, म्हणजे आपल्या शेराचा भाऊबंद. खऱ्या कॅक्टसचे कूळ मूळचे अमेरिकेतले, आणि त्यातले कुंडीत लावले जाणारे बहुतेक प्रकार मांजरांना विषारी नसतात. तिथे धोका काट्यांचाच, विशेषतः फड्या निवडुंगाच्या केसांसारख्या बारीक काट्यांचा, जे जिभेत रुतले तर दिसतही नाहीत. युफोर्बियाच्या चिकाने मात्र तोंडाची आग होते, लाळ गळते, ओकाऱ्या होतात. आपण दोन्हींना निवडुंगच म्हणतो, त्यामुळे जुना वाडा यांचा अनुभव खरा असला तरी इथे लागू पडत नाही.

जुना वाडा:
आमचा फड्याच आहे, हे मान्य. तरीही मिठाचे पाणी पाजून ओकारी काढावी, म्हणजे चीक बाहेर पडेल. आमच्या कुत्र्याला वडील तसेच करीत असत.

पानगळ:
कृपया असे मुळीच करू नका. इतके मीठ मांजराला स्वतंत्रपणे बाधते, शिवाय वर येणारा चीक घसा दुसऱ्यांदा पोळतो. हातमोजे घालून त्याच्या मिशा, हनुवटी आणि पंजे ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर अंग चाटताना तोच चीक पुन्हा पोटात जाईल. तो डोळे चोळत असेल तर ते स्वच्छ पाण्याने धुवा आणि आज उघडा असलेला दुसरा दवाखाना शोधा. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

खिडकीपाशी:
दवाखान्यातूनच लिहीत आहे. जीभ आणि ओठांची आतली बाजू लाल झाली आहे, डोळे ठीक आहेत. इंजेक्शन दिले असून रात्रीपर्यंत त्याने काही खाल्ले नाही तर पुन्हा आणायला सांगितले आहे. त्याच खिडकीत कोरफड आणि पानफुटीही आहे, त्यांचे काय करावे?

पानगळ:
दोन्ही मांजरांना बाधतात. पानफुटी आधी हलवा. तिचा परिणाम हृदयावर होऊ शकतो.