कोकणकड्यावर तंबू हवेतच कशाला?

घाटवेडा:
डिसेंबरातल्या एका शनिवारी पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला. तिथल्या कोकणकड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती इतके तंबू, वर स्पीकर, आणि हे सगळं अभयारण्यात. माझं स्पष्ट मत आहे, काठावरचे तंबू बंद करा. कचऱ्याचं तर सगळेच बोलतात, मला जास्त सलते ती मातीची धूप. इथला सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर, त्या काळ्या कातळावर माती कशीबशी बोटभर, तिच्यातच सोनकी फुलते. लोक तंबूभोवती चर खणतात, दगड उपटतात आणि पुढच्या पावसात तेवढा तुकडा धुऊन कातळ उघडा पडतो. माझ्या तंबूशेजारी तसा एक चौकोन होता, अगदी खरवडल्यासारखा.

रानभूल:
नाही पटलं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, लोक सूर्यास्तालाच येतात, मग अंधारात नवख्यांना पाचनईला उतरवणार का? पाय घसरला तर कोण जबाबदार? आणि ज्या मावशींकडे मी पिठलं-भाकरी खाल्ली त्यांनी पीठ, तांदूळ, पातेली सगळं डोक्यावरून वर आणलं होतं, त्यांचा शनिवार गेला तर आठवडा गेला.

कातळवेल:
रानभूलला अनुमोदन, अजून एक सांगतो. 1835 साली कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला इथे इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसलं होतं. ते दिसायला सूर्य पाठीशी आणि समोर दरीत ढग लागतात, म्हणजे या कड्यावर सकाळीच. पाचनईहून निघालात तर अडीच-तीन तास चढ, तोवर ढग थांबतील याचा काय भरवसा. मुक्काम वरच हवा.

घाटवेडा:
अरे मग गडावरच्या देवळाजवळ मुक्काम करा ना! तिथून कडा अर्ध्या तासावर, टॉर्च घेऊन पहाटे निघा. मावशींची चूलही तिथेच मांडू दे, गिऱ्हाईक कमी नाही होणार. आणि कडा आत वळलेला आहे, काठाखाली नुसती हवा, रात्री लघवीला उठलेला माणूस दोन पावलं चुकला तर संपलं. पोटावर झोपून खाली बघितलंय का कधी? पान टाकलं तर वाऱ्याने परत वर येतं, माणूस येत नाही.

रानभूल:
काठाचं मान्य, तिथे नकोतच तंबू. पण देवळाजवळ सगळी गर्दी लोटली तर तिथली पाण्याची टाकी किती दिवस स्वच्छ राहतील? आधी माणसांचा आकडा ठरवा, मग जागा.