मदत हवी आहे: बियाणे बँकेतल्या वालाला दरवर्षी भुंगा

गावात ३० घरांची बियाणे बँक आहे, देशी वाणांचं बियाणं जपणाऱ्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्या बँकेच्या धर्तीवर. हळवं (लवकर येणारं) आणि गरवं (उशिरा येणारं) भात, तसंच नाचणी नीट टिकते. वाल आणि चवळीला मात्र पावसाळ्यापर्यंत भुंगा लागतोच. कडक वाळवतो, डब्यात राख आणि कडुनिंबाचा पाला घालतो. मे महिन्यात १०० दाण्यांतले जेमतेम ५५ उगवले. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
कीड बहुतेक वेळा शेतातूनच येते, डब्यात फक्त वाढते. भुंग्याची मादी पिकत आलेल्या शेंगांवर अंडी घालते, अळी दाणा पोखरून आत बसते. दाण्यावर पांढरे ठिपके दिसले की अंडी पडली समजा. गोल भोक पडेपर्यंत थांबलात तर भुंगा बाहेर पडलेला असतो. बियाण्याच्या शेंगा वेलीवर वाळत ठेवू नका, पिकतील तशा तोडा आणि मळणी लांबवू नका.

राख किती घालता? मूठभर राखेने काही होत नाही. चार मापं दाण्यांना तीन मापं चाळलेली, थंड, कोरडी राख लागते. दाण्यांमधल्या फटी भरल्या की भुंग्याला हलता येत नाही. वर बोटभर जाडीचा थर द्या. पाल्यावर भिस्त नको. अर्धवट सुकलेला असेल तर उलट ओल सोडतो.

प्रतिसाद २
राख नको असेल तर किलोला ५ मिली एरंडेल चोळा. त्याने अंडी गुदमरतात, पण आत गेलेली अळी मरत नाही. म्हणून तेल मळणीनंतर लगेच. दोन-चार किलोच असेल तर हवाबंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. दाणा दाताखाली कटकन तुटला तरच. ओला दाणा गोठून मरतो. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, दाण्यांवर पाणी धरतं.

पत्र्यावर, भर दुपारी वाळवत असाल तर उगवण तिथेच जाते. सकाळचं ऊन, खाली गोणपाट. आणि गरम दाणे डब्यात भरू नका, रात्रभर सावलीत निवू द्या.

प्रश्नकर्ता
राख मूठभरच होती. पत्र्यावरच वाळवतो. यंदाच्या ५५ टक्केवाल्याचं काय?

प्रतिसाद १
भोकं पडलेले दाणे निवडून काढा, उरलेल्यांची ओल्या गोणपाटात पुन्हा उगवण चाचणी घ्या. ६० आले तर एका जागी दोनऐवजी तीन दाणे टोकणा. आणि प्रत्येक वाणाचा निम्मा साठा दुसऱ्या घरी ठेवा. एकाच खोलीत सगळं असेल तर एक गळकं कौल पुरतं.