लहानपणीच्या 'संक्षिप्त' पुस्तकातून काय गाळलं होतं? अनुभव लिहा

गुहागरच्या घरी माळा आवरताना माझं जुनं 'गलिव्हरच्या सफरी' सापडलं, मुलांसाठी बारीक केलेलं. त्यात लिलिपुटच्या, म्हणजे बोटभर माणसांच्या देशाच्या, राणीच्या महालाला आग लागते आणि गलिव्हर बादलीभर पाणी ओततो. लिलिपुटात एवढी बादली आली कुठून हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. कॉलेजात १७२६ चं मूळ वाचलं तर पठ्ठ्या चक्क महालावर मुततो! आग विझते, पण राणी इतकी भडकते की त्या महालात परत राहायला जात नाही. बादली आणणाऱ्या अनुवादकाला साष्टांग नमस्कार. तुमचं काय?

---
देवगड. माझं ज्यूल व्हर्नचं, समुद्राखालच्या वीस हजार लीगवालं (लीग म्हणजे अंतराचं जुनं माप). मला वाटायचं पाणबुडी तेवढी खोल जाते, म्हणून बाबांना विचारलं, ते जाळं शिवत बसलेले, आमच्याकडे खोली वावांत मोजतात, त्यांनी मान पण वर केली नाही, "एवढो खोल दर्या खंय आसा रे?" मी रडकुंडीला, पुस्तकात छापलंय म्हणून. खूप वर्षांनी कळलं की ते पाण्याखालून कापलेलं अंतर आहे, ८० हजार किलोमीटरच्या आसपास. बाबा बरोबर होते. आणि त्या पाणबुडीचा कॅप्टन निमो आपला बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावातला, हे व्हर्न पुढच्या कादंबरीत सांगतो, आमच्या पुस्तकातल्या चित्रात तर गोराच होता.

---
रॉबिन्सन क्रूसो. जहाज फुटतं ते आफ्रिकेतून गुलाम आणायला निघालेलं असताना. आमच्या प्रतीत नुसतं 'व्यापारासाठी'. संपला विषय.

---
दापोलीहून लिहितेय. लेकाला व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल' कादंबरीतल्या ज्यां वालज्यांची गोष्ट वाचून दाखवत होते, त्यात लिहिलेलं की पाव चोरला म्हणून १९ वर्षं शिक्षा. लेक म्हणाला, आई, मग मी परवा शेजारच्या आज्जींचे आंबे पाडले त्याला किती? हसू आवरेना. रात्री पूर्ण कादंबरी काढून बघितली, चोरीची ५ आणि पळून जायच्या प्रयत्नांची १४. सकाळी त्याला हे सांगितलं तर म्हणे, मी तर पळालोच नव्हतो. आपल्या पालगडच्या साने गुरुजींनी हीच कादंबरी 'दुःखी' नावाने मराठीत आणली, ती आता शोधतेय.

---
वरच्या ताईंना सावधगिरीचा इशारा, पूर्ण कादंबरीत वॉटर्लूची लढाई आणि पॅरिसची गटारं पानंच्या पानं आहेत. मी दोन पावसाळे घातले, गटारात अडकलो तो अडकलोच. गाळणाऱ्यांना नावं ठेवू नका एवढंच. @गुहागर, त्या बादलीचा फोटो टाका ना.

---
टाकला असता हो, आत्ताच उघडून बघितलं. नेमकं ते पान कसरीने खाल्लंय, बादलीसकट.